नाही असे कधी म्हणावे? : नेटवर्क ड्रायव्हरमधल्या सफाईचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने संगणकाच्या पोटात हात कशाला घालावा? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर न्याय आणि मीमांसा शिकवली. प्रोग्रॅम लिहिणे आम्हाला येत नाही. पण आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात हेच काम करतो. नाशिकला आला की घरी येतो. मागे एकदा चहा घेताना म्हणाला, "सर, या महिन्यात मी एकही नवी ओळ लिहिली नाही. नुसत्या काढल्या." आणि हे तो अभिमानाने सांगत होता, बरं का. आम्ही विचारले, "त्या नको होत्या हे तुला कसं कळलं?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "सर, तेच तर सगळं काम आहे."

त्या एका वाक्याने आम्हाला कामाला लावले. एखादी गोष्ट नको आहे, तिचा कोणालाही उपयोग नाही, असे म्हणण्याचा अधिकार माणसाला कधी मिळतो? हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. आपल्याच गोदावरीच्या काठी तो एकदा फार मोठ्या माणसाने सोडवला आहे. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली. उतरवणारा चुकतो, कधी स्वतःची ओवी घुसडतो, कधी जुना शब्द कळला नाही म्हणून नवा घालतो. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही दिली. वाढत गेलेल्या मजकुरातून भर वेगळी काढायची आणि मूळ जपायचे, हे काम आपल्याला परके नाही. आता तेच काम संगणकाच्या मजकुरात कसे झाले ते पाहू.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. संगणकाला जाळ्याशी जोडणारे एक कार्ड असते. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची भाषा निराळी. संगणकाची मुख्य व्यवस्था, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, तिला प्रत्येक कार्डाची बोली येणे शक्य नाही. मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. आणि ज्या मजकुराने तो लिहिलेला असतो त्याला कोड म्हणायचे.

आपण आज लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास घेतोय, कारण तिचा सगळा कोड उघडा आहे. कोणीही वाचू शकतो. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने ती आपल्या ३८६ संगणकावर लिहायला घेतली. पहिल्या आवृत्तीत सुमारे १० हजार ओळी होत्या. आज तिच्या गाभ्यात ३ कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक निरनिराळ्या ड्रायव्हरच्या. घर लहान आणि दुभाष्यांची पंगत मोठी, असा प्रकार आहे.

ही पंगत वाढली कशी? १९९०च्या दशकात जाळ्याची कार्डे झपाट्याने स्वस्त झाली. नॉव्हेल कंपनीचे एनई-२००० नावाचे कार्ड होते. त्याच्या नकला जगभर इतक्या निघाल्या की मूळ कार्ड कोणते हे सांगणे कठीण व्हावे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. आठवत असेल तुम्हाला, एका काळ्या केबलवर ओळीने पाच-सहा संगणक, आणि केबलच्या टोकाची टोपी सैल झाली की सगळेच बंद! पुण्यात सी-डॅकनेही १९९८ च्या परम १०००० या महासंगणकासाठी परमनेट नावाचे स्वतःचे जाळे बांधले. सांगायचा मुद्दा असा, की संगणक एकमेकांना जोडणे ही त्या दशकाची सगळीकडची निकड होती.

लिनक्समध्ये या निकडीच्या काळात सर्वाधिक ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपैकी एक डोनाल्ड बेकर. हे नासाच्या गोडार्ड केंद्राशी संबंधित होते. १९९४ साली थॉमस स्टर्लिंग यांच्याबरोबर त्यांनी साधे, बाजारात मिळणारे संगणक जोडून 'बेओवुल्फ' नावाचा संच उभा केला. त्यासाठी ड्रायव्हर हवेत, म्हणून ते लिहिले. दुसऱ्यांनाही लिहिता यावेत म्हणून बेकर यांनी ड्रायव्हरचा एक सांगाडा तयार करून दिला. तो उतरवून घ्या, आणि तुमच्या कार्डापुरते भाग बदला. फार उपकारक गोष्ट होती ही. त्याविना लिनक्स घरोघरच्या संगणकांवर पोहोचणे अवघड होते.

पण बघा, उतरवून घेण्याचा गुण आणि दोष एकाच वेळी येतात. सांगाड्यात काही कमी असेल, तर ते प्रत्येक प्रतीत कमी. एकाने आपल्या प्रतीत चूक दुरुस्त केली, तरी बाकीच्या प्रतींना त्याचा पत्ता नाही. पोथ्यांच्या अभ्यासकांना हे नेमके ओळखीचे आहे: एका लेखकाची चूक त्याच्यापासून निघालेल्या सगळ्या घराण्यात उतरते.

एक अगदी छोटे उदाहरण देतो. जाळ्यावरून माहिती गठ्ठ्यांनी जाते. एका गठ्ठ्याचा कमाल आकार किती, याला एमटीयू म्हणतात. इथरनेटवर तो साधारण १५०० बाइट. आणि १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या मानकाप्रमाणे किमान ६८ बाइटचा गठ्ठा न फोडता पुढे नेता आलाच पाहिजे. म्हणून ड्रायव्हरमध्ये एक चिमुकला भाग असायचा: कोणी हा आकार बदलायला सांगितला, तर तो ६८ पेक्षा कमी किंवा १५०० पेक्षा जास्त नाही ना, हे बघा. चार-सहा ओळी. पण कित्येक ड्रायव्हरांत त्याच चार-सहा ओळी! आणि सारख्या असत्या तरी एक वेळ चालले असते. कुठे खालची मर्यादा तपासलेली, कुठे नाही; कुठे आकडा थोडा वेगळा. तो वेगळा आकडा त्या कार्डाची खरी गरज आहे की लिहिणाऱ्याची नजरचूक, हे वाचून कळत नाही.

पुनरुक्तीचे खरे नुकसान हे आहे. जागा वाया जाते हे दुय्यम. सारख्या दिसणाऱ्या पन्नास प्रतींमध्ये एखादा जाणूनबुजून केलेला फरक असेल, तर तो चुकांच्या गर्दीत हरवतो. अपवाद दिसेनासा होतो.

आता आमच्या विषयातले एक उदाहरण. पाणिनीच्या व्याकरणात 'उत्सर्ग' आणि 'अपवाद' अशी व्यवस्था आहे. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. तो एकदाच सांगायचा. अपवाद असेल तिथेच वेगळे सूत्र. जिथे काही सांगितले नाही, तिथे सामान्य नियम लागू. म्हणून इतकी मोठी भाषा सुमारे चार हजार सूत्रांत बसली. त्यात लाघव आहेच, पण त्याहून मोठा लाभ असा, की अपवादाचे सूत्र दिसले की वाचणाऱ्याला कळते, इथे खरोखरच काही वेगळे आहे.

लिनक्सच्या जाळ्याचा कोड सांभाळणारी मंडळी हळूहळू याच वाटेने गेली. सुरुवात लवकर झाली होती. एनई-२००० आणि तिच्या भावंडांत ८३९० नावाची एकच चिप होती, म्हणून तिचा सामाईक भाग पहिल्या काही वर्षांतच एका फाइलीत काढला गेला. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीत मोठा बदल झाला. तोवर प्रत्येक जाळे-उपकरणाच्या नोंदीत 'सुरू कसे करायचे', 'गठ्ठा कसा पाठवायचा' अशी कामांची यादी ड्रायव्हर स्वतः भरत असे. आता प्रत्येक ड्रायव्हरला त्या कामांचे एक कायम कोष्टक मिळाले. एक सोय अशी, की कायम असल्यामुळे ते मध्येच कोणाला बदलता येत नाही. आणि त्या एमटीयूच्या चार-सहा ओळी? फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० या आवृत्तीत ती तपासणी मध्यवर्ती कोडमध्ये गेली. ड्रायव्हरने फक्त आपला किमान आणि कमाल आकडा सांगायचा. साध्या इथरनेट कार्डाने तर तेही सांगायला नको. ६८ आणि १५०० गृहीतच. उत्सर्ग एका जागी, अपवाद ज्याच्या त्याच्या जागी.

शेकडो फाइलींत असा बदल हाताने करायचा तर नवीन चुका होणारच. त्यासाठी ज्युलिया लॉल आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी कॉक्सिनेल नावाचे साधन तयार केले. 'अशा आकाराचा कोड दिसेल तिथे तो असा बदला' एवढे त्याला सांगायचे; ते सगळीकडे शोधते. फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणजे तो लाल, ठिपकेवाला लेडीबर्ड भुंगेरा. नाव कळल्यावर आम्हाला हसू आले, कारण आमच्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगायला नको. मिलीबग पडला की बागेत क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडतात, ते याच कुळातले. कीड खातात, वेलाला हात लावत नाहीत. या साधनाकडूनही तीच अपेक्षा.

इथवर सोपे होते. आता अवघड भागाकडे येऊ.

सफाई करणाऱ्यासमोर तीन प्रकारचा नको असलेला कोड येतो. पहिला पुनरुक्त, तो आपण पाहिला. दोन प्रती शेजारी ठेवल्या की त्याची परीक्षा होते. दुसरा मृत, म्हणजे असा भाग, जिथे प्रोग्रॅम चालताना कधी पोहोचतच नाही. त्याची परीक्षा तर्काने होते. तिसरा प्रकार निराळा आहे. कोड बरोबर आहे, चालतो, पण तो ज्या कार्डासाठी आहे ते कार्ड आता जगात कोणी वापरत नाही. हे कोडकडे कितीही बघितले तरी कळत नाही. त्यासाठी कोडबाहेर, जगाकडे बघावे लागते. आणि जगात एक गोष्ट कुठेही नाही, हे सिद्ध कसे करायचे?

मीमांसकांनी यावर खूप विचार केला आहे. कुमारिल भट्टांची परंपरा आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. अनुपलब्धी म्हणजे न दिसणे. समोरच्या जमिनीवर घडा नाही हे मला कसे कळले? तो दिसत नाही म्हणून कळले. नैयायिकांना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नाही, तो वाद तूर्त बाजूला ठेवू. पण यात एक अट आहे, आणि ती मोलाची आहे. नुसते न दिसणे पुरेसे नाही. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणजे घडा नाही असे ठरत नाही. याला 'योग्यानुपलब्धी' म्हणतात. आधी दिवा लावा, मग नाही म्हणा.

आता टोकन रिंगचे उदाहरण घ्या. आयबीएमने १९८०च्या दशकात आणलेली ही जाळ्याची पद्धत. संगणक एका कड्यात जोडलेले. एक टोकन फिरत राहणार. ज्याच्या हातात टोकन त्यानेच बोलायचे. शिस्तीची सभा! आधी ४ आणि नंतर १६ मेगाबिट वेग. बँका आणि मोठ्या कचेऱ्यांतून ती पुष्कळ चालली. पुढे स्वस्त इथरनेटने तिला मागे टाकले. जुलै २०१२ मध्ये लिनक्सची ३.५ ही आवृत्ती आली, तिच्यातून टोकन रिंगचा सगळा आधार काढला गेला. पॉल गोर्टमेकर यांनी ते काम केले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ३.८ आवृत्तीतून ३८६ चा आधारही गेला. ज्या यंत्रावर लिनक्स जन्मली तेच यंत्र तिने सोडले. भावनेला यात जागा ठेवली नाही.

पण 'कोणी तक्रार केली नाही, म्हणून कोणी वापरत नाही' हा युक्तिवाद अंधाऱ्या खोलीतला आहे. जुने कार्ड वापरणारा माणूस बहुधा जुनीच आवृत्ती वापरतो. तो घोषणा वाचत नाही. कारखान्यातल्या एका कोपऱ्यात त्याचे यंत्र वर्षानुवर्षे चालू असते. त्याला बातमी कळेल ती दहा वर्षांनी, यंत्र बदलताना.

म्हणून या मंडळींनी दिवा लावण्याच्या रीती बसवल्या. आधी जाहीर करायचे, की हा भाग काढण्याचा विचार आहे; कोणी वापरत असेल तर बोला. २००८ च्या अखेरीपासून लिनक्समध्ये 'स्टेजिंग' नावाचा एक कोपरा आहे. नवा, कच्चा ड्रायव्हर आधी तिथे येतो आणि पक्का झाला की आत जातो. पण काही जुने भाग बाहेर जातानाही तिथेच थांबतात. ब्रह्मचर्य आणि वानप्रस्थ एकाच आश्रमात, म्हणा ना! मघाच्या नॉव्हेल कंपनीची आयपीएक्स नावाची जाळ्याची पद्धत होती. ती २०१७ मध्ये या कोपऱ्यात हलवली आणि २०१८ मध्ये काढली. मधला काळ वाया गेला नाही. कोणी असेल तर तो दिसावा, यासाठी दिलेली ती मुदत होती. 'असता तर दिसला असता' ही अट आपोआप पुरी होत नाही; ती पुरी करावी लागते. आमच्या विद्यार्थ्याचे 'सगळं काम' म्हणजे हेच.

आता चौथा प्रकार, सगळ्यांत धोक्याचा: जो नको वाटतो पण हवा असतो. ड्रायव्हरमध्ये कधी अशी ओळ दिसते, की कार्डावरचा एक आकडा वाचला आणि त्याचे काहीच केले नाही. वाचला आणि टाकून दिला. सफाई करणारा म्हणेल, व्यर्थ आहे, काढा. पण संगणकाने कार्डाला पाठवलेला हुकूम वाटेत थोडा वेळ अडकून राहू शकतो. टपालपेटीत पत्र टाकले म्हणजे पोहोचले असे नव्हे. त्याच कार्डावरून काहीतरी परत वाचले, की आधीचे हुकूम पोहोचल्याशिवाय उत्तर येत नाही. तो आकडा बिनकामाचा. ते वाचणे मात्र पोचपावती आहे. ती ओळ काढली तरी शंभरदा सगळे नीट चालेल. एकशेएकाव्या वेळी कार्ड अडेल आणि का अडले हे कोणाला सांगता येणार नाही.

हे काल्पनिक भय नाही. ड्रायव्हरबाहेरचे पण अगदी लागू असे एक प्रकरण सांगतो. ओपन-एसएसएल हा संगणकांमधले बोलणे गुप्त ठेवणारा प्रोग्रॅम. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या लोकप्रिय संचासाठी तो तयार करताना एका तपासणी-साधनाने तक्रार केली, की दोन ओळींत अजून न भरलेली स्मृती वापरली जाते. त्या ओळी काढल्या गेल्या. काढण्यापूर्वी विचारलेही होते. पण त्यातल्या एका ओळीतूनच गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी सगळी अनिश्चितता आत येत होती. परिणाम असा, की अगणित असायला हव्यात तिथे एका जातीच्या किल्ल्या सुमारे ३२ हजारच शक्य राहिल्या. कोणीही एकेक करून लावून बघाव्यात इतक्या थोड्या. आणि हे उघडकीला आले मे २००८ मध्ये. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे कुलपे दारांवर दिसत होती, पण नावापुरती.

आम्हाला दुसऱ्याला हसण्याचा अधिकार नाही. निवृत्त झालो तेव्हा घरातली पुस्तके आवरताना एका तर्कग्रंथाच्या दोन प्रती निघाल्या. मुद्रण एक, वर्ष एक. आम्ही जुनी, फाटकी प्रत रद्दीत दिली. चार महिन्यांनी एक संदर्भ शोधताना आठवले, की फाटक्या प्रतीच्या समासात आमच्या गुरुजींनी पेन्सिलीने केलेल्या शंका होत्या. मजकूर सारखा होता, प्रती सारख्या नव्हत्या. आम्ही छापील ओळी ताडल्या आणि समास पाहिला नाही. रद्दीवाल्याकडे जाऊन आलो, पण चार महिन्यांत रद्दी कुठल्या कुठे जाते, तुम्हाला माहीत आहे.

म्हणून या मंडळींची एक सवय आम्हाला फार थोर वाटते. एप्रिल २००५ पासून लिनक्सचा प्रत्येक बदल गिट नावाच्या व्यवस्थेत नोंदला जातो. कोणी काढले, कधी काढले, का काढले, आणि नेमक्या कोणत्या ओळी काढल्या. टोकन रिंगचा कोड चालू आवृत्तीत नाही, पण नाहीसा झालेला नाही. उद्या कोणी पुढे आला, की बाबांनो, माझे यंत्र अडले, तर तो परत आणता येतो. काढणाऱ्याचे नावही तिथेच असते, त्यामुळे जाब कोणाला विचारायचा हेही कळते. काढून टाकणे वेगळे आणि नष्ट करणे वेगळे.

एकनाथांकडे ही सोय नव्हती. त्यांनी कोणते पाठ ठेवले ते आपल्याला कळते; कोणते सोडले आणि का, याची नोंद आपल्याजवळ नाही. म्हणूनच वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे सांगितले, तेव्हा तो केवढ्या चर्चेचा विषय झाला! नाथांचे काम त्यामुळे लहान होत नाही. शुद्ध करणाऱ्याने काय वगळले, हेही पुढच्यांना हवे असते, एवढेच त्यातून घ्यायचे.

तेव्हा, मंडळी, हाती काय लागले? सारखे दिसते म्हणून काढायचे तर आधी समास बघा. कोणाला नको आहे असे वाटते म्हणून काढायचे तर आधी दिवा लावा, हाक मारा, थांबा. आणि काढलेच, तर कारण आणि स्वतःचे नाव लिहून ठेवा. हे संगणकापुरते नाही. शब्दकोशातला शब्द, अभ्यासक्रमातला विषय, कचेरीच्या यादीतले एखाद्या म्हाताऱ्या लाभार्थ्याचे नाव, सगळ्यांना हे लागू आहे. यादीतून नाव गळताना तो तक्रार करत नाही, याचे कारण तो नसतो असे नाही. बहुतेक वेळा त्याच्या खोलीत दिवा नसतो.

आमचा विद्यार्थी पुन्हा येईल तेव्हा किती ओळी काढल्या हे आम्ही विचारणार नाही. कोणती ओळ काढता काढता थांबलास, ते विचारू.

इथे थांबतो.